नारायण पेठेतला पूर्वपक्ष

पुण्याला जाऊन आलो म्हटलं की आमच्या पुलगावात लोक तीन गोष्टी विचारतात. बाकरवडी आणली का, पेशव्यांचा वाडा पाहिला का, आणि तिथली माणसं खरंच तशी असतात का. बाकरवडी आणली नाही. वाड्याकडे फिरकलो नाही. तिसऱ्याचं उत्तर हे वाचून ज्याचं त्याने ठरवावं. मी गेलो होतो तो माझ्या मुलीसाठी, आणि मुक्काम चारच दिवसांचा होता.

आधी घरचं थोडं सांगितलं पाहिजे. माझे वडील पुलगावच्या कापड गिरणीत कामाला होते. छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले. लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण येताना त्यांनी एक शब्द आणला आणि घरातल्या देवांच्या रिकाम्या कोनाड्यात बसवला. तो शब्द 'का'. ते म्हणायचे, "आपल्या बापजाद्यायले कोनी कारन सांगतलं नाही, अन् त्यायनं इचारलं नाही. तू इचारत जाय." मी ते इतकं मनावर घेतलं की कॉलेजात बत्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं.

घरातही तेच. माझी मुलगी उत्पला सहा वर्षांची असताना तिला दुसरा लाडू हवा असेल तर आधी हेतू, म्हणजे कारण, सांगावा लागे. "मला लाडू पाहिजे, कारण तो उरला आहे," असं ती म्हणाली होती, आणि आम्ही पोट धरून हसलो होतो. अशीच ती मोठी झाली, कॉम्प्युटर शिकली आणि पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागली. गावात त्या वेळी प्रत्येक गल्लीतलं एक तरी पोर हिंजवडीला होतं.

मागच्या उन्हाळ्यात ती घरी आली. रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, ऑफिसच्या गेटापाशी गेलं की छातीवर कोणीतरी हात दाबून धरतं." मी विचारलं, का? वरिष्ठ त्रास देतात? नाही. काम जमत नाही? जमतं. माणसं वाईट आहेत? चांगली आहेत. एकेक कारण मी खोडत गेलो आणि शेवटी सिद्ध केलं की भीतीला काही आधारच नाही. ती ताटाकडे बघत म्हणाली, "पटलं, बाबा." मला त्या रात्री छान झोप लागली.

त्यानंतर चार महिने ती फक्त आईशी फोनवर बोलली. मग एक दिवस तिने आईला नाही, मलाच फोन केला. ती रजेवर होती. मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जात होती, गोळ्या चालू होत्या. परत कामावर येणार की नाही, ते तिला सोमवारी कंपनीला कळवायचं होतं. "डॉक्टरांनी एका बाईंकडे पाठवलंय," ती म्हणाली. "नारायण पेठेत. तत्त्वज्ञानाच्या अंगाने समुपदेशन करतात. त्यांनी तुम्हाला आणायला सांगितलंय. येणार असाल तर या, पण मला 'का' विचारायचं नाही."

गुडघेदुखीमुळे हिला, म्हणजे उत्पलाच्या आईला, येता आलं नाही. निघताना ही म्हणाली, "तिथं जाऊन पोरीचा वर्ग नोका घेऊ." वर हेही म्हणाली, "या वेळी बिनसलं तं ते पोरगी तुमच्याशी पुन्हा बोलत नाही, सांगून ठेवते." हे मला माहीत होतं. गाडीत बसल्यावर त्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

शुक्रवार, कर्वेनगर

उत्पला राहते त्या सोसायटीच्या दारात पहिलाच अपघात झाला. चौकीदाराने वही पुढे केली. नाव, गाव, कोणाकडे आणि शेवटच्या रकान्यात 'येण्याचे कारण'. मी लिहिलं, मुलगी.

"काका, मुलगी हे कारण नाही होत," चौकीदार म्हणाला. "कारण लिहा."

"मुलगी आहे म्हणून आलो. याहून दुसरं काय कारण असणार?"

"'पाहुणे' लिहा ना. सगळे तेच लिहितात."

मी वाद घालणार होतो. वर गॅलरीत उत्पला उभी दिसली, म्हणून 'पाहुणे' लिहिलं.

ती बारीक झाली होती. बॅग तिने घेतली, पाया पडली आणि प्रवास कसा झाला विचारलं, सगळं परक्यासारखं नीट. तिच्याबरोबर लातूरची एक मुलगी राहते. ती "अंकल, शुगर किती?" असं विचारून चहा घेऊन आली. दोन निळे मग होते आणि एक स्टीलचा पेला. पेला त्या मुलीने स्वतः घेतला. जेवायला खालच्या बाईंकडून डबा येतो. वरणात गूळ, भाजीत गूळ, आणि ज्यात गूळ नव्हता त्यात साखर. आमच्याकडे पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर रस्सा फसला समजतात. मी पिशवीतून ठेच्याची बाटली काढली तेव्हा उत्पला पहिल्यांदा हसली.

शुक्रवार, नारायण पेठ

दुपारी रिक्षाने निघालो. बोळ इतका अरुंद की रिक्षावाल्याने तोंडावरच उतरवलं. खाली पुस्तकं बांधणाऱ्याचं दुकान, खळीचा आंबूस वास, आणि शेजारून लाकडी जिना. दारावर लिमये बाईंची पाटी होती:

'तात्त्विक समुपदेशन. वेळ ४ ते ७. येथे सल्ला मिळत नाही. रडण्यास हरकत नाही, रुमाल आपापला आणावा.'

खरं सांगतो, जिना चढताना माझ्या मनात अढी होती. नारायण पेठ, लिमये आडनाव, आणि या बाई मला विचार करायला शिकवणार! लिमये बाई साठीच्या पुढच्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. मागे फळा, पुढे तीन खुर्च्या.

"तुम्ही तर्कशास्त्राचे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला सोपं जाईल, असं समजू नका."

त्यांनी सांगितलेली पद्धत मला पाठ होती. आपल्या जुन्या वादांची एक शिस्त आहे. समोरच्याचं खंडन करण्याआधी त्याचं म्हणणं आपणच मांडायचं, इतकं नीट की त्याने म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. तो पूर्वपक्ष. त्यानंतरच आपलं उत्तर, तो उत्तरपक्ष. नैयायिक असोत की बौद्ध, सगळ्यांनी ही शिस्त मानली. मी ती बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिली आहे.

"उत्पलाचा पूर्वपक्ष मांडा," बाई म्हणाल्या. "ती हो म्हणेपर्यंत उत्तरपक्ष बंद."

मी घसा साफ केला. "उत्पलाचं म्हणणं असं, की कामाचा ताण तिला सहन होत नाही."

"नाही," उत्पला म्हणाली.

"तिला ही नोकरी मनापासून आवडत नाही."

"आवडते."

"तिला घरापासून दूर..."

"नाही, बाबा."

चहा आला. तीन कप, दोन एकसारखे आणि एक बिनकानाचा. बिनकानाचा बाईंनी घेतला. मी चिडलो होतो. म्हणालो, "तिलाच स्वतःचं म्हणणं ठाऊक नसेल, तर मी काय मांडणार?"

"वा," बाई म्हणाल्या. "हे पहिलं बरं वाक्य. पण तक्रार म्हणून बोललात. रविवारी या."

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, हा डॉक्टरांचा विषय आहे ना? "आहेच," त्या म्हणाल्या. "नेणिवेत काय दडलंय ते डॉक्टर बघतायत. सावकाश कळेल, कदाचित कळणारही नाही. गोळ्या त्यांच्या, त्यात मी बोट घालत नाही. माझ्याकडे एवढंच काम आहे की ते कळेपर्यंत तिला ज्या घरात, ज्या विचारांत राहायचंय, तिथे तिला धड श्वास घेता यावा. अहो, पर्वतावर धूर दिसला की तुम्ही काय म्हणता?"

"अग्नी आहे."

"अग्नी दिसत नसताना?"

"अनुमानाने."

"मग मुलीची भीती हा धूर आहे. तिथे मात्र अग्नी दाखव म्हणून का अडून बसलात?" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. 

शनिवार, हिंजवडी

ती जागा स्वतः पाहावी असं वाटलं. उत्पलाला सांगितलं की पर्वतीवर जातो, आणि हिंजवडीची बस पकडली. म्हणजे तशी समजूत होती. वारज्यात पोचल्यावर कळलं की बस दुसरीकडेच चालली आहे. कंडक्टर म्हणाला, "पाटी वाचायची असते, काका." मराठीतच लिहिली होती ती. उतरून दुसरी बस पकडली.

बायपास ओलांडला की डोंगर फोडून काढलेली मुरुमाची जमीन लागते. उसाचं एखादं वावर, त्याला चिकटून दहा मजली काच, मग म्हशींचा गोठा, पुन्हा काच. दीड तासाने उत्पलाच्या कंपनीच्या गेटापाशी पोचलो, तर सगळं सामसूम. शनिवारी त्यांना सुट्टी असते. मास्तरकीत जन्म गेलेल्या माणसाला शनिवारी सकाळची शाळा माहीत असते, सुट्टी नाही.

गेटावरचा पहारेकरी उठून आला. "कोनाले भेटाचं हाय जी?"

बोली ऐकून मला बरं वाटलं. तो वाशीमकडचा निघाला. मी पुलगावचा म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली, थर्मासमधून चहा ओतला. प्लास्टिकचे दोन कप, दोन्ही सारखे. मी म्हणालो, सहज बघायला आलो.

"लोकं येतेत पाहाले," तो म्हणाला. "बाहिरून लय भारी दिसते. आता ते बाकडं पाहा, थितं एक ताई येऊन बसते. महिना झाला. कंपनीच्या बसनं येते, उतरते, अन् कार्ड हातात धरून बसून राह्यते. आत काही येत नाही. दुपारी थितंच डब्बा खाते अन् चार वाजता परत जाते. काल तेवढी नाही आली."

माझ्या हातातला चहा निवत चालला होता. "कोण ती?"

"नाव मले नाही ठाऊक. डब्ब्यावर 'शांता' कोरेल हाय."

शांता माझ्या बायकोचं नाव. आमच्या लग्नात आलेली ती भांडी, झाकणावर नाव घातलेली. रजेवर असलेली माझी मुलगी रोज कंपनीच्या बसमध्ये बसून इथवर येत होती आणि गेटासमोर दिवस काढून परत जात होती. मी पुलगावात तिची भीती खोडून निवांत झोपलो होतो.

"तुम्ही तिला विचारलं नाही, का बसते ते?"

"कायले इचारू जी?" तो म्हणाला. "बसा वाटते तं बसते. एकडाव ऊन लय होतं तं बाकडं सावलीत सरकवलं."

ती माझी मुलगी हे मी त्याला सांगितलं नाही. लाज वाटली. त्या बाकावर जाऊन अर्धा तास बसलो. समोरच्या काचेत पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा दिसत होता. छातीवर काही दाबलं जातंय का याची वाट पाहिली. काहीच झालं नाही. तिथे बसून मला एवढंच कळलं की तिला जे होतं ते मला होणार नाही, आणि तरी ते आहे.

रविवार, नारायण पेठ

या खेपेला रात्रभर तयारी करून गेलो होतो. खुर्चीत बसलो, चहा आला, मी बोलायला सुरुवात करणार तोच उत्पला म्हणाली, "बाई, आत्ता बघितलंत?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. "शुक्रवारीही बघितलं होतं."

"काय?" मी विचारलं.

"कप," उत्पला म्हणाली. "बाबा, तुम्ही कुठेही गेलात आणि चहा आला की आधी सगळ्यांचे कप बघता. तुमचा त्यांच्यासारखाच आहे का ते. मगच हात पुढे करता. शाळेत माझ्या बाईंकडे, बँकेत, आत्याच्या लग्नात, सगळीकडे. शुक्रवारी आमच्या घरीसुद्धा."

मी नाही म्हणणार होतो. पण नजर पुन्हा कपांवरच होती.

आमच्या लहानपणी गावात हॉटेलच्या मागच्या भिंतीला एक फळी असे. तिच्यावर आमच्या लोकांसाठी वेगळे कप उपडे ठेवलेले असत, चहा प्यायला की आपणच विसळून ठेवायचे. माझे वडील दीक्षा घेऊन आले त्यानंतर त्या हॉटेलात गेले नाहीत. पण ज्या ज्या घरी ते मला घेऊन गेले, तिथे त्यांनी आधी कपांकडे बघितलं असणार, आणि मी त्यांच्याकडे. मला कोणी हे शिकवलं नाही. मी ते करतो हे मला साठ वर्षांत कळलं नाही. हे वर लिहिलेलं सगळं मी आत्ता पुन्हा वाचलं, तर कर्वेनगर, नारायण पेठ, हिंजवडी, प्रत्येक ठिकाणी कप आले आहेत. ते मी मुद्दाम लिहिलेले नाहीत.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"लहानपणापासून."

"मग कधी विचारलं नाहीस, का म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, असेल काहीतरी."

असेल काहीतरी. बत्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून मी माझ्या मुलीला एवढी सवलत दिली नव्हती. तिने ती मला लहानपणीच देऊन टाकली होती. वडिलांचा 'का' त्यांनी वरच्यांना विचारला होता, ज्यांनी त्यांना वेगळा कप दिला त्यांना. त्या प्रश्नाने आमची मान ताठ झाली. मी तोच प्रश्न खाली वळवला, सहा वर्षांच्या पोरीकडे, एका लाडवासाठी. वडिलांना हे आवडलं नसतं.

"प्राध्यापक," बाई म्हणाल्या, "पूर्वपक्ष?"

तयारी केलेलं सगळं विसरलो होतो. म्हणालो, "उत्पला म्हणते, मला भीती वाटते. कशाची, ते मला माहीत नाही. मी रोज तिथे जाते आणि बाकावर बसून शोधते, तरी सापडत नाही. माझ्या बापाच्या घरात ज्याचं कारण देता येत नाही ते बोलायची सोय नाही. म्हणून मी 'पटलं' म्हणते आणि गप्प बसते."

बाकाचं मला कसं कळलं, हे तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "हो. हेच."

रुमाल माझ्याकडे नव्हता. पाटी वाचूनही आणला नव्हता. बाईंनी फळा पुसायचं फडकं पुढे केलं. "धुतलेलं आहे," म्हणाल्या.

डोळे पुसून मी विचारलं, आता उत्तरपक्ष? बाई कप गोळा करत होत्या. "तुमच्याकडे आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. सात वाजले."

सोमवार, कर्वेनगर

सकाळी उत्पला तयार झाली. शांताचा डबा भरला, गळ्यात कार्ड घातलं. मी बरोबर निघालो. थांब्यावर आठ-दहा मुलं कानात वायरी घालून उभी होती. बस आली, दार उघडलं, मुलं चढली. उत्पला पायरीपाशी गेली आणि दांडा धरून उभी राहिली. ड्रायव्हरने मान वळवून पाहिलं.

ती मागे वळली. "बाबा, आज नाही."

माझ्या तोंडात तो शब्द आला होता. वडिलांनी कोनाड्यात ठेवलेला. मी म्हणालो, "बरं."

बस गेली. तिने तिथेच उभं राहून साहेबांना फोन केला. बरं वाटत नाही, उपचार चालू आहेत, अजून महिनाभर रजा हवी, डॉक्टरांचं पत्र देते, असं सरळ सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "ते अजून मला माहीत नाही," ती म्हणाली. रजा मिळेल का हे तेव्हा कळलं नव्हतं. मिळाली, हे मला घरी परतल्यावर समजलं. या महिन्यात ती तीनदा गेटाच्या आत जाऊन आली आहे, दोनदा गेटापासूनच परतली. फोन ती आता मलाही करते.

त्या सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खाल्ले. वर ओलं खोबरं आणि साखरेची चव. वर घ्यायला तिखट रस्सा, आमच्याकडची तर्री, मागितली तर टपरीवाला म्हणाला, "हे पोहे आहेत, काका." ठेचा घरी राहिला होता. मग चहा आला, काचेच्या दोन ग्लासांतून. मी बघितलं. या वेळी बघतोय हे मला कळलं, तरी बघितलंच. दोन्ही सारखे होते.

उत्पलाने माझा ग्लास स्वतःकडे ओढला आणि तिचा माझ्यापुढे सरकवला. मी काही विचारलं नाही. चहा गरम होता, आम्ही तो फुंकत फुंकत प्यायलो.